जंगलातील अनाथालय

(गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आदिवासींची सेवा करता करता जंगलातील अनाथ पिल्लांनाही आपल्या घरात आसरा दिला. त्या पिल्लांची आठवण आणि त्या आठवणीतून आपण काय शिकावे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, अमीर सुबुक्तगीन आणि हरिणी यांची गोष्ट तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचली असेल. वाचली नसेल, तर घरी दादी-नानीकडून नक्कीच ऐकली असेल. सुबुक्तगीन तेव्हा बादशहा झाला नव्हता. त्याच्याजवळ एक घोडा होता आणि त्या घोड्यावर बसून तो शिकारीला जाई. एके दिवशी त्याला दिवसभर काहीच मिळाले नाही. संध्याकाळी मात्र एक पाडस सापडले. त्याने पाडसाचे पाय बांधले, ते घोड्यावर आपल्यापुढे ठेवले आणि तो घराकडे निघाला. काही अंतर गेल्यावर त्याने मागे वळून पाहिले. पाडसाची आई घोड्यामागे चालत येत होती. तिला आता माणसाचे भय उरले नव्हते. सुबुक्तगीनला दया आली. त्याने पाडसाचे पाय सोडले. पाडस आईकडे धावले. हरिणी त्याला घेऊन निघाली आणि जाता जाता पुन्हा पुन्हा वळून त्याच्याकडे पाहत राहिली.

ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. शेवट ऐकून मुलांचे चेहरे खुलतात. पण एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ती हरिणी मागे आलीच नसती तर? तिला आधीच कोणी मारले असते, तर त्या पाडसाचे काय झाले असते?"

वर्ग एकदम शांत झाला. मला चटकन उत्तर देता आले नाही. गोष्टीत तर ते नव्हतेच. त्या प्रश्नाचे उत्तर पुढे मला आपल्याच विदर्भात सापडले. तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

आपला वाशिम जिल्हा विदर्भाच्या पश्चिमेला आहे. विदर्भाच्या अगदी पूर्वेला, छत्तीसगडच्या सीमेला लागून गडचिरोली जिल्हा आहे. तेथे भामरागड नावाचा तालुका आहे. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम होतो. सगळीकडे साग, बांबू आणि मोहाचे घनदाट जंगल. याच जंगलात हेमलकसा हे लहानसे गाव आहे. कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारणारे थोर समाजसेवक बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे एक प्रकल्प सुरू केला. त्याचे नाव 'लोक बिरादरी प्रकल्प'.

'बिरादरी' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. लग्नकार्यात, पंचांच्या बैठकीत तुम्ही तो ऐकता. बिरादरी म्हणजे आपली माणसे. एकाच्या घरी दुःख झाले, तर सर्वांनी धावून जायचे, हा बिरादरीचा नियम. या जंगलात राहणाऱ्या माडिया गोंड आदिवासींसाठी मात्र त्या काळी कोणी धावून येत नव्हते. दवाखाना नव्हता, शाळा नव्हती, धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला, की गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. हिवतापाने माणसे मरत. पोटभर अन्न नसल्यामुळे जे मिळेल ते खावे लागे.

बाबांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी आमटे हे दोघेही डॉक्टर. शहरात त्यांना पैसा आणि मान दोन्ही मिळाले असते. पण ते हेमलकशाला येऊन राहिले. सुरुवातीला वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात रोग्यांवर उपचार करावे लागत. माडिया लोकांच्या अंगावर पुरेसे कपडे नाहीत हे पाहून डॉ. प्रकाश यांनीही साधी अर्धी चड्डी आणि बनियन एवढाच पोशाख ठेवला. पुढे १९७६ मध्ये तेथे आदिवासी मुलांसाठी शाळा सुरू झाली.

या सेवेची हकीकत मोठी आहे. आपण आज त्यातील एकच पान उघडणार आहोत.

प्रकल्पाच्या सुरुवातीच्याच वर्षांतील गोष्ट. डॉ. प्रकाश आणि मंदाताई जंगलात फिरायला गेले होते. समोरून काही माडिया शिकारी येत होते. त्यांच्या खांद्यावर काठी होती आणि काठीला शिकार केलेली माकडे टांगलेली होती. त्यांतील एका मेलेल्या माकडिणीच्या छातीला काहीतरी चिकटलेले दिसले. ते तिचे पिल्लू होते. ते जिवंत होते आणि मेलेल्या आईचे दूध पिण्याची धडपड करत होते.

डॉक्टरांनी त्या लोकांना विचारले, की या पिल्लाचे काय करणार? त्यांनी सरळ उत्तर दिले, की तेही खाणार.

मित्रांनो, आपण तेथे असतो तर काय केले असते? कदाचित त्या माणसांना निर्दयी म्हणून मोकळे झालो असतो. डॉ. आमटे तसे म्हणाले नाहीत. ही माणसे मजेसाठी शिकार करत नाहीत, त्यांच्या घरी मुले उपाशी आहेत, हे त्यांना ठाऊक होते. भुकेल्या माणसाला उपदेश करून काय होणार? त्यांनी पिल्लाच्या बदल्यात तांदूळ देऊ केला. शिकाऱ्यांनी पिल्लू देऊन टाकले. लाल तोंडाचे ते इवलेसे माकड डॉक्टरांच्या घरी आले. त्याचे नाव ठेवले 'बबली'.

बबलीमुळे एक नवीन वाट सुरू झाली. डॉक्टर पिल्लांच्या बदल्यात धान्य देतात, ही बातमी जंगलातील पाड्यांवर पसरली. लोक शिकारीत सापडलेली पिल्ले मारून खाण्याऐवजी हेमलकशाला आणू लागले. पुढे पुढे तर काही न घेताही आणून देऊ लागले. बिबट्याची पिल्ले आली, अस्वलाची आली. हरणे, नीलगाई, साळिंदर, तरस, मगर, साप आणि नाना प्रकारचे पक्षी आले. कोणाची आई मारली गेली होती, कोणी स्वतः जखमी होते. डॉक्टरांचे अंगण भरून गेले. अशा रीतीने हेमलकशाला वन्यप्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. अनाथ म्हणजे यतीम. यतीमाच्या डोक्यावर मायेने हात ठेवावा, त्याचा हक्क बुडवू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हेमलकशाच्या त्या अंगणात तोच हात प्राण्यांच्या पिल्लांवर ठेवला गेला.

पिल्लू वाचवणे हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात ते फार कष्टाचे काम आहे. दूधपिते पिल्लू दर दोन-तीन तासांनी भुकेने ओरडते. त्याला रात्रीसुद्धा उठून बाटलीने दूध पाजावे लागते. दूध जास्त झाले तर पोट बिघडते, घाईने पाजले तर ते श्वासनलिकेत जाते. आई पिल्लाला कुशीत घेऊन ऊब देते, ती ऊब आता माणसाने द्यायची असते. बिबट्याच्या पिल्लाला पुढे नुसते मांस देऊन भागत नाही. हाडांतून मिळणारे चुन्याचे सत्त्व मिळाले नाही, तर त्याचे पाय वाकडे होतात. हरणाला हिरवा चारा हवा, अस्वलाला फळे आणि मध आवडतो, सापाला त्याचे वेगळेच भक्ष्य लागते. रोजचे खाणे, रोजची झाडलोट, आजारात औषधपाणी. पाऊस असो, ईद असो की दिवाळी असो, या कामाला सुट्टी नाही.

आणि या घराची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या जंगलात मोहफुले किंवा सरपण गोळा करताना कधी कधी माणसाची अस्वलाशी गाठ पडते. अस्वल माणसाचा चेहरा आणि डोके ओरबाडते. अशी रक्ताने माखलेली माणसे हेमलकशाच्या दवाखान्यात येत. डॉक्टर त्यांच्या जखमांना टाके घालत आणि त्यांचे प्राण वाचवत. मग तेच डॉक्टर घरी येऊन अस्वलाच्या अनाथ पिल्लाला दूध पाजत. माणूस आपला म्हणून अस्वल शत्रू, असा हिशेब त्यांनी केला नाही. जखमी माणसाला टाके हवे होते, उपाशी पिल्लाला दूध हवे होते. ज्याला जे हवे, ते त्यांनी दिले.

ही पिल्ले डॉक्टरांच्या कुटुंबातच वाढली. त्यांच्या अंगाखांद्यावर खेळणारे बिबटे आणि त्यांच्याबरोबर फिरणारी अस्वले यांची छायाचित्रे तुम्ही कदाचित पाहिली असतील. ती पाहून आपल्यालाही असे करावेसे वाटते. पण थांबा. ते बिबटे डोळे उघडल्यापासून त्याच हातांनी वाढवलेले होते. डॉक्टरांना त्यांच्या सवयी, त्यांचा राग, त्यांची भूक सारे माहीत होते. रानातील प्राणी हे खेळणे नव्हे. अनोळखी माणसाला ते इजा करू शकतात आणि अनोळखी माणसामुळे त्यांनाही इजा होऊ शकते.

तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. पिल्ले मोठी झाल्यावर त्यांना जंगलात परत का सोडून देत नाहीत?

याचे उत्तर थोडे दुःखाचे आहे. बिबट्याचे पिल्लू सुमारे दीड ते दोन वर्षे आईबरोबर राहते. कोठे लपावे, दबा कसा धरावा, कोणापासून दूर राहावे, हे सारे ते आईकडून शिकते. आई हीच त्याची शाळा. माणूस त्याला दूध देऊ शकतो, मांस देऊ शकतो, पण ही शाळा देऊ शकत नाही. शिवाय माणसाच्या घरात वाढलेल्या प्राण्याला माणसाची भीती वाटत नाही. असा बिबट्या जंगलात सोडला, तर तो भूक लागल्यावर गावाकडे येणार आणि गावकरी घाबरून त्याला मारणार. माणसाळलेले हरिण कुत्र्याला पाहूनही पळत नाही. म्हणून एकदा पिल्लू हाती घेतले, की ते बहुधा जन्मभरासाठी घ्यावे लागते. दया एका क्षणात येते. पण तिची जबाबदारी पंधरा-वीस वर्षे निभवावी लागते.

ही जबाबदारी निभवणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक दुःख येते. प्राण्यांचे आयुष्य माणसाच्या आयुष्यापेक्षा लहान असते. बिबट्या माणसाच्या देखरेखीत राहिला, तरी वीस वर्षांच्या आसपासच जगतो. हरिण त्याहूनही कमी जगते. म्हणजे ज्याला बाटलीने दूध पाजून वाढवले, त्यालाच एके दिवशी मातीत ठेवावे लागते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उठून इतरांसाठी चारा-पाणी करावेच लागते, कारण ते वाट पाहत असतात.

बबली आज नाही. नेगलही नाही. नेगल हा हेमलकशाचा एक बिबट्या. विलास मनोहर यांनी हेमलकशाला राहून आमटे कुटुंबाच्या या कार्याला आपले आयुष्य दिले. त्यांनी तेथील प्राण्यांच्या आठवणी लिहिल्या आणि त्या पुस्तकाला नावच दिले 'नेगल'. डॉ. प्रकाश आमटे यांनीही आपल्या या सोबत्यांवर 'रानमित्र' हे पुस्तक लिहिले. तुम्हांला मराठी वाचण्याची गोडी लागली, की ही पुस्तके जरूर मिळवून वाचा. २००८ मध्ये डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगाने त्यांची नावे ऐकली. पण त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आधीच एका माकडिणीच्या आणि एका बिबट्याच्या नावाची आठवण जपून ठेवली होती.

नावाला एवढे महत्त्व का द्यायचे? विचार करा. काठीला टांगलेल्या त्या माकडिणीला नाव नव्हते. ती फक्त शिकार होती. तिच्या पिल्लाला 'बबली' म्हणताच ते एक माकड राहिले नाही. त्याची भूक, त्याचा खोडकरपणा, त्याचा आजार सगळे वेगळे दिसू लागले. ज्याला नाव दिले त्याला विसरता येत नाही आणि ज्याला विसरता येत नाही त्याला वाऱ्यावर सोडता येत नाही. आपल्या इतिहासात तर याच्या उलट झाले आहे. एका थोर सहाबींना मांजरीच्या पिल्लाचा फार लळा होता. म्हणून लोक त्यांना 'अबू हुरैरा' म्हणू लागले. अबू हुरैरा म्हणजे मांजरीच्या पिल्लाचे वडील. आज चौदाशे वर्षे झाली, जग हजरत अबू हुरैरा यांना त्याच नावाने ओळखते.

आता थोडे आपल्या जिल्ह्याकडे येऊ. वाशिमला गडचिरोलीसारखे घनदाट जंगल नाही. तरी आपली शेतेभाते आणि माळराने रिकामी नाहीत. कारंजा तालुक्यात कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. सुमारे १८ चौरस किलोमीटरच्या त्या गवताळ रानात काळवीट राहतात. रोह्यांचे कळप तर तुम्ही तुरीच्या शेतात अनेकदा पाहिले असतील. ते पिकांची नासाडी करतात म्हणून शेतकरी हैराण असतात, हेही खरे आहे. ससे, कोल्हे, मोर हे सारे आपले शेजारीच आहेत.

काही वर्षांपूर्वी सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. माझ्या वर्गातील एक मुलगा कापडी पिशवी छातीशी धरून शाळेत आला. पिशवीत सशाचे पिल्लू होते. "सर, वावरात धुऱ्याजवळ एकटंच बसलं होतं. त्याला कोणीच नाही," तो म्हणाला. सारा वर्ग गोळा झाला. मुलांचा उत्साह पाहून मलाही आनंद झाला. हेमलकशाविषयी मी नुकतेच वाचले होते. आपणही एक अनाथ जीव वाचवू, असे मला वाटले. आम्ही एका खोक्यात गवत घातले. कापसाच्या बोळ्याने त्याला गाईचे दूध पाजले. मुलांनी त्याला पाळीपाळीने हातात घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते खोक्यात मरून पडलेले दिसले.

शाळेच्या कुंपणाजवळ मुलांनी लहानसा खड्डा खणला. पिल्लाला मातीत ठेवल्यावर तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, त्याची आई त्याला शोधत असेल का?"

मग मी जाणकारांना विचारले, पुस्तके वाचली. तेव्हा कळले की सशाची मादी पिल्लांजवळ दिवसभर बसत नाही. ती जवळ राहिली, तर तिच्या वासाने कोल्हा-कुत्रा पिल्लापर्यंत पोहोचेल. म्हणून ती पिल्लांना गवतात दडवून दूर जाते आणि अंधार पडल्यावर येऊन थोडाच वेळ दूध पाजते. हरिणीही तसेच करते. पाडस जन्मल्यावर सुरुवातीचे काही दिवस गवतात निश्चल पडून राहते. आई दुरून लक्ष ठेवते आणि मधूनमधून येऊन दूध पाजते. म्हणजे आमचे ते पिल्लू अनाथ नव्हतेच. त्याला अनाथ आम्ही केले होते. माझ्या मनात प्रेम होते, पण माहिती नव्हती. माझ्या मुलांनी मला विचारले असते तर मी त्यांना थांबवायला हवे होते. उलट मीच खोके आणून दिले.

त्या रात्री मला एक हदीस आठवली. तुम्हीही ती ऐकली असेल. एका प्रवासात काही सहाबींनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. पक्षीण येऊन कासावीस होऊन पंख फडफडवू लागली. ते पाहून प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी विचारले, की हिच्या पिल्लांमुळे हिला कोणी दुःख दिले? आणि पिल्ले तिला परत देण्यास सांगितले. ही हदीस मी कितीदा तरी वाचली होती. पण तिचा अर्थ मला त्या दिवशी कुंपणाजवळ उमगला.

मित्रांनो, म्हणून आता तुम्हांला काही गोष्टी सांगतो. शेतात एकटे पिल्लू दिसले, तर ते उचलू नका. त्याला स्पर्शही करू नका. कुत्र्यांना दूर न्या, मित्रांना गोळा करू नका आणि शांतपणे निघून या. तुम्ही दूर गेलात, तरच त्याची आई येईल. सोंगणी चालू असताना पिल्लू सापडले, तर तेवढा तुकडा त्या दिवशी तसाच ठेवा, असे वडिलांना सांगा. पिल्लू जखमी असेल किंवा त्याची आई जवळच मरून पडलेली असेल, तर वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या कार्यालयाला कळवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्यानुसार रानातील प्राणी घरी पाळता येत नाहीत. या कायद्यामागे शहाणपण आहे. सर्वांना डॉ. आमटे होता येत नाही. पण ज्यांना ते काम येते, त्यांच्यापर्यंत पिल्लू पोहोचवणे आपल्याला नक्कीच जमेल.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत जाऊ. हरिणी मागे आलीच नसती तर? तर सुबुक्तगीनला पाडस सोडून घरी जाता आले नसते. त्याला ते घरी न्यावे लागले असते, रात्री उठून दूध पाजावे लागले असते, त्याला नाव द्यावे लागले असते आणि त्याचे म्हातारपण पाहावे लागले असते. हेमलकशाला हेच झाले. तेथे आलेल्या पिल्लांच्या मागे आई येणार नव्हती. म्हणून एका डॉक्टरच्या कुटुंबाने ती जागा घेतली.

पण ज्या पिल्लाची आई आहे, त्याला आई सोडून दुसरे काहीही नको असते. ते ओळखण्यासाठी सुबुक्तगीनने जे केले, तेच आधी आपण करायला हवे. घराकडे निघण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहायला हवे.

आमच्या शाळेच्या कुंपणाजवळ त्या मुलाने पुढे कडुनिंबाचे रोप लावले. त्या पिल्लाला आम्ही नाव दिले नव्हते. तरी सोंगणीचे दिवस आले, की मला ते आठवते.

शब्दार्थ

अनाथ – यतीम, लावारिस
आसरा – पनाह, आधार
पाडस – हरणाचे पिल्लू
हिवताप – मलेरिया
पाडा – आदिवासींची लहान वस्ती
भक्ष्य – प्राण्याचे खाद्य, शिकार
दबा धरणे – शिकारीसाठी लपून बसणे
माणसाळणे – माणसाच्या सवयीचे होणे
लळा – मोहब्बत, माया
रोही – नीलगाय
सोंगणी – पिकाची कापणी
धुरा – शेताचा बांध
निश्चल – न हालता
कासावीस होणे – बेचैन होणे
वाऱ्यावर सोडणे – बेसहारा सोडून देणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लोक बिरादरी प्रकल्प कोणी आणि केव्हा सुरू केला?
(आ) भामरागडजवळ कोणत्या तीन नद्यांचा संगम होतो?
(इ) 'नेगल' हे पुस्तक कोणी लिहिले?
(ई) 'अबू हुरैरा' या नावाचा अर्थ काय?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बबली डॉक्टरांच्या घरी कशी आली?
(आ) डॉ. आमटे यांनी शिकाऱ्यांना उपदेश का केला नाही?
(इ) माणसाने वाढवलेला बिबट्या जंगलात का सोडता येत नाही?
(ई) सशाची मादी दिवसभर पिल्लांजवळ का बसत नाही?

३. कारणे द्या.
(अ) लेखकाला सशाच्या पिल्लाच्या मृत्यूबद्दल स्वतःचा दोष वाटला.
(आ) शेतात एकटे दिसलेले पिल्लू उचलू नये.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
आसरा देणे, लळा असणे, कासावीस होणे, वाऱ्यावर सोडणे.

५. लिंग बदला.
माकड, हरिण, पक्षी, बादशहा.

६. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधा. प्रत्येक शब्दाचे मराठीत एक वाक्य तयार करा.

७. तुमच्या घरी असलेल्या, पण आता नसलेल्या एखाद्या प्राण्याची आठवण आठ-दहा ओळींत लिहा. त्याचे नाव, त्याच्या सवयी आणि त्याची काळजी कोण घेत असे, हे अवश्य लिहा.

उपक्रम : तुमच्या गावाच्या शिवारात दिसणाऱ्या रानातील प्राण्यांची व पक्ष्यांची यादी करा. गावातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांची स्थानिक मराठी नावे आणि उर्दू नावे शेजारी शेजारी लिहा.